डावीकडून दुसरी

भाईंदर (पूर्व)
१९ एप्रिल २००४

अहो,

तुम्ही गावी सुखरूप पोचल्याचं मला ईश्वर भाऊजींकडून कळलं. काशीगावच्या मामेभावाला फोन करता आला, इथे भाईंदरच्या बायकोला नाही. असू दे. वाडीतल्या दुकानातल्या फोनवर तुम्ही तसेही 'हं' आणि 'बरं'च्या पुढे जात नाही, म्हणून मी पत्रच लिहितेय. पत्रात मला मध्येच तोडणारं कुणी नसतं. तुम्ही कधी तोडलंत म्हणा!

गावच्या घराची कौलं बदलायला हवीत, हे तुम्ही रिटायर झाल्यापासून मी सांगतेय. दर उन्हाळ्यात तुम्ही 'बघू' म्हणालात. आणि यंदा अचानक कौलांचा असा काही पुळका आला, की सकाळी उठून पिशवी भरलीत, 'जाऊन येतो' म्हणालात आणि चालू पडलात. चहासुद्धा अर्धा तसाच. कौलं हे निमित्त आहे हे मला कळत नाही असं वाटलं का तुम्हाला? तुम्ही पळालात.

आता समोर नाहीच आहात, तर काय घडलं ते माझ्या बाजूने लिहून काढते. काही चुकलं तर सांगा. सांगणार नाहीच, पण सांगा.

यंदा विद्यापीठाची शताब्दी. जुन्या समारंभांची कागदपत्रं, निमंत्रणं, फोटो असं सगळं गोळा करून नीट लावायला त्यांनी एक खोली उघडलीय, तिला अभिलेखागार म्हणतात. तिथली आरोही माझ्यासारख्या माजी विद्यार्थिनींना फोटोंची पाकिटं देते आणि आम्ही घरी बसून चेहरे ओळखतो. माझ्या वाट्याला चौसष्ट सालच्या हीरकमहोत्सवाचे फोटो आले, कारण तेव्हा मी स्वयंसेविका होते. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं आणि छातीला फीत टोचायची, एवढंच आमचं काम. तुम्हीही होतात तिथे, मुलांबरोबर खुर्च्या मांडायला.

एका पाकिटावर कुणीतरी 'गुजराती भगिनी मंडळ' असं लिहून ठेवलं होतं. म्हटलं, यातलं आपल्याला काय कळणार, म्हणून शेजारच्या जसुबेनना बोलावलं. त्यांनी फोटो हातात घेतला आणि लगेच निकाल लावला. "सुचेताबेन, ये कोई गुजराती नहीं है. पल्लू राइट साइड पे है, पण आगे से पीछे गया है. अमारा तो पीछे से आगे आता है ने! फोटो ही उल्टा छापेला है."

मी चष्मा लावला आणि बघते तर काय, त्या पाच जणींत मी! पदर उजव्या खांद्यावर, घड्याळ उजव्या हातात, पण मीच.

लगेच आरोहीला फोन लावला. तिने त्या वेळची स्मरणिका काढली. आम्हा मुलींना ती मिळणार होती, ती आजवर आलेली नाही, नाहीतर मला तेव्हाच कळलं असतं. तिच्यात हाच फोटो असाच उलटा छापलेला, आणि खाली नावं मात्र आम्ही खऱ्या उभ्या होतो त्या क्रमाने. आरोही वाचत गेली, मी मोठ्याने म्हणत गेले. 'उभ्या, डावीकडून', पहिली कोण ती, आणि दुसरी कु. सुचेता सुर्वे. "अगं, इथे डावीकडून दुसरी तर उर्मिला राणे आहे! मी चौथी दिसतेय. माझं नाव तिच्या तोंडाखाली गेलंय!" मी हसत सुटले, जसुबेनही हसल्या. आणि सोफ्यावर तुम्ही पेपर खाली घेतलात आणि म्हणालात, "तरीच!"

लग्न झाल्यापासून कुणी न विचारता तुमच्या तोंडून बाहेर पडलेला हा पहिला शब्द असेल, आणि तो हा.

जसुबेन गेल्यावर मी तुम्हाला पिळून पिळून विचारलं तेव्हा कळलं. गुलाबपाणी शिंपडताना हसणारी एक मुलगी तुम्हाला आवडली होती. तिचं नाव विचारायची छाती झाली नाही. मग स्मरणिका हातात पडली. तुम्ही फोटोवर बोट ठेवून मोजलंत, डावीकडून दुसरी, नाव सुचेता सुर्वे. ते नाव तुम्ही मामांना दिलंत आणि मामांनी आडनाव बघून खुशीत आमच्याकडे मागणी घातली. आणि लालबागच्या आमच्या खोलीत पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले ती मी.

एवढं सगळं सांगितलंत. मग मी विचारलं, "ही ती नाही हे दिसलं होतं ना? मग हो का म्हणालात?" तर तुम्ही गप्प. आणि सकाळी कौलं.

मला तेवढ्या एका प्रश्नाचं उत्तर हवंय. बाकी मी ठणठणीत आहे.

सुचेता
(फोटोत चौथी, खरी दुसरी)


२७ एप्रिल २००४

अहो कौलवाले,

कार्ड मिळालं. 'कौलं निम्मी उतरवली. वासे किडलेत. ऊन फार. तू बरी असशील.' झालं. वाशांची तब्येत कळली, आनंद वाटला. माझ्या प्रश्नाचं काय?

नीलम परवा मिरारोडहून आली होती. तिला सगळं सांगितलं तर ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "आई, म्हणजे मी छपाईची चूक आहे?" म्हणाली. तिला गंमत वाटतेय. वाटू दे. आई-बापांचं लग्न असं एकदाच होऊन गेलेलं असतं, मुलांना त्यात बिघडण्यासारखं काही दिसत नाही.

मी तुम्हाला नीट सांगते मला काय झालंय ते, कारण तुम्हाला वाटत असेल की बाई उर्मिलेवर जळतेय. तसं नाही हो. विशीतल्या मुलाला एखादी हसरी मुलगी आवडली तर त्यात राग कसला? मलाही तेव्हा एक आवडत होता, तुम्हाला नाव सांगणार नाही. मला भीती वाटते ती तुमच्या भिडेची.

हॉटेलात डोसा मागवला आणि उत्तप्पा आला, तर तुम्ही उत्तप्पा खाता. मी म्हणते, "अहो, बदलून घ्या," तर तुम्ही म्हणता, "जाऊ दे, त्यांनाही त्रास." नाक्यावरच्या भाजीवाल्याने "ले लो बाबूजी, एकदम ताजा है" म्हटलं की न मागितलेलं पडवळ पिशवीत. न्हाव्याने मिशी बारीक करून टाकली तेव्हा आरशात बघून तुम्ही त्याला "छान" म्हणालात आणि महिनाभर तोंडावर हात धरून बोलत होतात. लग्नाच्या वेळी शिंप्याने कोटाची बाही आखूड केली, तर तो कोट तुम्ही तसाच घातलात, आपल्या फोटोत दिसतोय. जे समोर आलं ते मुकाट्याने घ्यायचं आणि देणाऱ्याला वाईट वाटू द्यायचं नाही, असा तुमचा स्वभाव. या स्वभावावरच तर मी इतकी वर्षं तुम्हाला चिडवत आले.

आता मात्र मला त्याचं हसू येत नाही. त्या दिवशी आमच्या खोलीत माझे बाबा, आई, दोन काका, शेजारचे सगळे, आणि मध्ये तुम्ही. समोर भलतीच मुलगी. अशा वेळी 'नाही' म्हणायला जी छाती लागते ती तुमच्याकडे कुठे होती? तुम्ही मला घेतलंत ते परत करायची भीड पडली म्हणून का? त्या पडवळासारखी मी पिशवीत पडले आणि तुम्ही मला निमूट घरी आणलंत का?

तुम्ही चांगले वागलात हो माझ्याशी, याबद्दल तक्रार नाही. पण तुम्ही सगळ्यांशीच चांगले वागता. म्हणून तर मला काही कळेनासं झालंय.

इथे पाणी एक दिवसाआड येतंय, ड्रम भरायला माझी कंबर मोडते. सकाळी चहा दोन कप होतो, तो हाताला लागलेल्या सवयीने. त्यातून दुसरा अर्थ काढू नका.

सुचेता


३ मे २००४

अहो,

तुमचं दुसरं कार्ड आलं. त्यात गवंड्याचं नाव उत्तम असल्याचं आणि तो कामालाही उत्तम असल्याचं कळलं. विनोद केलात म्हणजे तब्येत बरी आहे.

येत्या रविवारी, नऊ तारखेला, विद्यापीठात त्या सगळ्या जुन्या फोटो-कागदांचं प्रदर्शन उघडतंय. आरोहीने मूळ निगेटिव्ह शोधून काढली आणि आपला फोटो आता सुलट छापून घेतलाय. 'आपला' म्हणजे आमचा. काल मला बोलावून ती म्हणाली, "काकू, तुम्ही खात्री केलीत की मी मागे नावं लिहून कायमचं नोंदवून टाकते. इतकी वर्षं हा फोटो चुकीच्या पाकिटात पडला होता, तुमच्यामुळे जागेवर आला." पोरगी किती खूश होती म्हणून सांगू! मी एकेकीवर बोट ठेवून नावं सांगितली. सुचेता सुर्वे दुसरी, उर्मिला राणे चौथी. मधली तेवढी कशीही फिरवली तरी मधलीच राहिली, भाग्यवान. मग मी सही केली.

सही करताना हात थांबला होता माझा. विद्यापीठाची चूक एका सहीत दुरुस्त झाली. म्हटलं, आमची दुरुस्त करायची असती तर कोणी आणि कशी केली असती?

आणि ऐका. आरोहीने उर्मिलेचा पत्ता काढलाय. डोंबिवलीला असते. प्रदर्शनाला येणार आहे.

तुम्ही या. मी टोमणा मारत नाहीये, खरंच या. शनिवारच्या एसटीत बसलात तर पहाटे पोचाल. उर्मिलेसमोर मला काही सिद्ध करायचं नाही. तुम्ही माझ्या बाजूला उभे असलात तर मला बरं वाटेल, एवढंच. आणि यायला जमणार नसेल तर माझ्या प्रश्नाचं उत्तर तरी लिहा. कसंही असलं तरी लिहा. भिडेने हो म्हणालो होतो, असं असेल तरी चालेल. चालणार नाही, पण लिहा.

सुचेता


१० मे २००४

अहो,

तुम्ही आला नाहीत.

प्रदर्शन छान झालं. जुनी निमंत्रणपत्रं काचेखाली मांडली होती, मंडपाचा नकाशा होता, पाहुण्यांच्या जेवणाचा बेत होता, कुणाच्या शेजारी कुणाला बसवायचं याचे कागद होते. आमचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता आणि खाली नावं. लोक थांबून बघत होते. नीलमने मला फोटोशेजारी उभं करून फोटो काढला. सगळ्या म्हणाल्या, सुचेता अजून तशीच आहे. खोटं बोलत होत्या, पण ऐकायला बरं वाटलं.

उर्मिला आली. अंगाने भरलीय, केस पांढरेशुभ्र, आणि हसणं अगदी तेच. मला बघितल्याबरोबर गळ्यातच पडली. "सुचे, तुझी ती वेणी कुठे गेली गं?" म्हणाली आणि तिथून जी बोलायला लागली ती चहा होईपर्यंत थांबली नाही. हीरकमहोत्सवाचं तिला काय आठवतं माहितेय? चपला चावत होत्या. दिवसभर पाय सोलवटून निघाले होते आणि ते लपवायला ती सारखी हसत होती. मी सहज विचारलं, "खुर्च्या मांडणारी मुलं आठवतात का गं?" तर म्हणाली, "कोण मुलं?"

मी तिला काही सांगितलं नाही. सांगून काय करायचं?

मला ती आवडली हो. हाच तर राग आहे. खडूस निघाली असती तर मी खुशीत घरी आले असते. माझ्यासारखी टोचून बोलत नाही. घरभर बोलत राहणारी बाई आहे, तिच्या घरात नवऱ्याला तोंड उघडायची गरजच पडली नसती. तुमच्या स्वभावाला किती सोयीचं झालं असतं! परत येताना रिक्षात बसून मी हाच विचार करत होते, की तुम्ही तिच्याबरोबर अगदी सुखात राहिला असतात.

घरी आले आणि रडले. नीलमला ऐकू जाऊ नये म्हणून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, तर नळाला पाणी नाही. त्या कोरड्या नळासमोर उभी राहून रडले. नीलमने सगळं ऐकलं असणार; बाहेर आले तर वरणभात लावला होता तिने.

आता मी विचारणार नाही. उत्तर द्यायचं असतं तर एव्हाना दिलं असतंत. गप्प बसणं हेही उत्तरच असतं आणि तुमचं मला वाचता येतं. कौलं झाली तरी घाई करू नका. पावसाळा तिथेच काढा. गळतं का तेही बघून होईल. इथे जसुबेन आहेत, नीलम जवळ आहे, माझं काही अडत नाही.

सुचेता


१७ मे २००४

अहो,

मागच्या पत्रात मी विचारणार नाही म्हटलं होतं. विचारत नाहीये. सांगतेय.

काल ईश्वर भाऊजी आले होते, आंब्याची पेटी घेऊन. नीलमने त्यांच्या कानावर घातलं असावं. पेटी खाली ठेवायच्या आधीच सुरू झाले. "वहिनी, हा काय घोळ घातलाय तुम्ही दोघांनी? आत्माराम तिकडे वासे मोजतोय, तुम्ही इकडे रडताय. आणि मुलगी बदलल्याची भानगड आज कळली म्हणे तुम्हाला! अहो, आम्हाला तेव्हाच कळली होती. तुमच्याच जिन्यात."

मी म्हटलं, "कोणत्या जिन्यात?"

"लालबागच्या. मी नव्हतो का तुम्हाला बघायला आलो तेव्हा? नववीत होतो. पोह्यांसाठी आलो होतो, खरं सांगायचं तर."

मग त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तुम्ही ते मला एकदाही सांगितलं नाहीत.

बघून झाल्यावर तुम्ही जिना उतरत होतात. मामांनी विचारलं, "काय रे, तोंड का असं?" तर तुम्ही म्हणालात, "मामा, ही ती नव्हे." मामा आधी तुमच्यावर भडकले आणि मग लगेच कामाला लागले. "अजून काही बिघडलेलं नाही. सुपारी फुटायचीय. फोटोखालच्या नावांत पलीकडच्या चाळीतली राण्यांची पोरगीही आहे, तीच असणार, मला घर ठाऊक आहे. आत्ता जाऊन बोलतो. सुर्व्यांना काय सांगायचं ते मी बघतो, तू भीड धरू नको."

आणि तुम्ही म्हणालात, "नको."

"काय नको?"

"तिकडे जायला नको. हीच."

मामांना वाटलं तुम्ही लाजताय. त्यांनी परत समजावलं. तुम्ही परत नको म्हणालात. जिन्यात लोकांची ये-जा चाललेली, मामा वरच्या पट्टीत बोलतायत, आणि तुम्ही कठड्याला धरून आपलं नको म्हणताय. भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी त्या माणसाला जन्मापासून ओळखतो. त्याच्या तोंडून मोठ्या माणसाला 'नको' मी तेवढं एकदाच ऐकलं. माझा बाप त्यानंतर पंधरवडाभर त्याच्याशी बोलला नाही."

मी विचारलं, "पण का? माझ्यात असं काय दिसलं त्यांना?"

भाऊजी हसायला लागले. "ती तिसरी बशी आठवत नाही तुम्हाला?"

मला खरंच आठवत नाही. ते म्हणाले, माझ्या आईने तुम्हाला पोहे वाढले, मग आग्रहाने परत वाढले, तुम्ही ते संपवले, आणि आई तिसऱ्यांदा बशी भरून घेऊन आली. तुम्ही घामाघूम झालेले, पण हात पुढे केलाच. तेव्हा म्हणे मी उठले, ती बशी तुमच्या हातातून काढून घेतली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्हाला हवेत का? नको असतील तर नको म्हणा. इथे कुणी रागावणार नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "नकोत."

ती बशी ईश्वर भाऊजींनी संपवली. म्हणून त्यांच्या लक्षात राहिली.

आणि जिन्यात मामांनी कारण विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मामा, हिच्यासमोर मला नको म्हणता आलं."

भाऊजी एवढं सांगून आंबे पेंढ्यात लावायला बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला. मला त्या दिवसातलं एकच आठवतं, तुम्ही लोक गेल्यावर आईने मला झापलं होतं. "मुलगी दाखवायला बसवली होती, वकिली करायला नाही. आता येतायत कसले होकार!" आणि दुसऱ्याच दिवशी होकार आला. आई शेवटपर्यंत म्हणायची, देवाने डोळे झाकले.

अहो, मग एवढं मला सांगायला काय झालं होतं? 'हो का म्हणालात' असं मी विचारत बसले आणि तुम्हाला 'नको का म्हणालो' ते सांगता येईना, असंच ना? इतकी वर्षं हे पोटात ठेवून कसे हो राहिलात? राग येतोय मला तुमचा. आणि माया पण येतेय, दोन्ही एकदमच येतंय, काय करू?

पण एक भांडण उरतंच. माझ्यासमोर नको म्हणता येतं म्हणून माझ्याशी लग्न केलंत, आणि मग घरात एकदाही म्हणाला नाहीत. लालबाग सोडून भाईंदरला जाऊ म्हटलं, आलात. नीलमचं नाव मी ठेवलं, ठेवू दिलंत. दरवर्षी माझ्या माहेरच्या लग्नांना आलात, तिथेही वाढपी थांबेपर्यंत जेवलात. चूक माझीही असेल. त्या दिवशी मी विचारलं होतं तसं नंतर बसून कधी विचारलं नाही, सगळं ठरवूनच टाकत आले.

म्हणून आज विचारते. मी येऊ का तिकडे? आरोहीने मला सुलट फोटोची प्रत दिलीय, ती फ्रेम करून आणते, माजघरात लावू. नीलमलाही आणते चार दिवस. पण तुम्हाला हवं असेल तर. नको असेल तर नको म्हणा. मी रागावणार नाही. म्हणजे थोडी रागावेन, पण तुम्ही म्हणा.

तुमची
सुचेता


२४ मे २००४

अहो,

आज दुपारी कार्ड आलं. पोस्टमन जिन्यात भेटला, मी तिथेच उभ्याने वाचलं. वाचून पायरीवर बसले. जसुबेन दार उघडून म्हणाल्या, "क्या हुआ? भाई ठीक है ने?" मी म्हटलं, ठीक आहेत. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून हिंदीत सांगितलं. तुम्हालाही परत लिहून दाखवते, तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हाला कळायला हवं.

'सुचेता, ये. लवकर ये. फोटो नको. नीलम आत्ता नको, ती पुढच्या खेपेला येऊ दे. निळा सदरा आणू नकोस, तो मला काखेत काचतो. आणि कारली तर अजिबात नकोत, इथे परसात लावायलाही नकोत. मला कारलं कधीच आवडलं नाही. आत्माराम.'

कौलांचा उल्लेख नाही. वाशांचा नाही, उन्हाचा नाही.

अहो, दर गुरुवारी मी तुम्हाला कारलं करून घालतेय! सासूबाईंनी पहिल्या वर्षी सांगितलं होतं, त्याला कारलं आवडतं, म्हणून. तुम्ही दर गुरुवारी ताट चाटूनपुसून स्वच्छ करत होतात आणि मी नीलमला सांगत होते, बघ तुझे बाबा, कधी नाक मुरडतात का! जसुबेन एवढ्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीही हसले. मग मला रडू आलं, तेही त्यांच्यासमोरच, नळबिळ न सोडता. त्यांनी माझ्या हातातलं कार्ड घेऊन पदराने पुसलं, ते ओलं झालं होतं म्हणून, आणि परत माझ्या हातात दिलं.

फोटो आणत नाही. जसुबेनच्या कपाटात ठेवलाय. सदरा बोहारणीला देऊन टाकला. नीलमला फोन केला की तुला तुझ्या बाबांनी नको म्हटलंय, तर ती म्हणाली, "खरंच म्हणाले? बाबा?" आणि ओरडायलाच लागली आनंदाने.

आणखी काय काय नको होतं, ते सगळं आठवून ठेवा. मी ओटीवर बसून ऐकेन, मध्ये तोडणार नाही. पुष्कळ निघेल असं वाटतंय. निघू दे. पावसाळाभर वेळ आहे आपल्याला.

हे पत्र मी टाकतेय आणि दोन दिवसांनी, बुधवारी रात्री, एसटीत बसतेय. गुरुवारी सकाळी पोचेन; पत्राला उशीर झाला तर म्हणून वाडीतल्या दुकानात फोनवर निरोपही ठेवतेय. स्टँडवर घ्यायला या. एवढ्या एकाला मात्र नको म्हणायचं नाही.

तुमचीच,
सुचेता